वाकान टिपी आणि शेजारी : सेंट पॉल शहरातील एका रहिवासी चळवळीचा इतिहास (१९९७ ते २०२३)

प्रस्तावना

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल ही मिसिसिपी नदीच्या काठी वसलेली आहे. शहराच्या पूर्वेस नदीलगत पांढऱ्या वालुकाश्माचा एक उंच कडा असून त्याच्या पायथ्याशी सुमारे २७ एकरांचे एक छोटे निसर्ग-अभयारण्य आहे. कड्याच्या पोटात एक गुहा आहे, तर माथ्यावर दीड ते दोन हजार वर्षांपूर्वीची दफन-टेकाडे आहेत. या भूमीचे मूळ रहिवासी असलेले डकोटा लोक या गुहेला ‘वाकान टिपी’ म्हणतात. ‘वाकान’ म्हणजे पवित्र किंवा गूढ. ‘टिपी’ म्हणजे निवास.

इ. स. १९९७ मध्ये या परिसरातील काही रहिवाशांनी पडीक व कचऱ्याने भरलेली ही जागा वाचविण्यासाठी एक गट स्थापन केला. त्याचे नाव ‘लोअर फॅलन क्रीक प्रोजेक्ट’. २०२३ मध्ये त्याच संस्थेने ‘वाकान टिपी आवान्यांकापी’, म्हणजे ‘वाकान टिपीची राखण करणारे’, हे डकोटा नाव स्वीकारले. वरवर पाहता हा नावातील बदल वाटतो. प्रत्यक्षात या सव्वीस वर्षांत संस्थेचे नेतृत्व बदलले आणि ती जे काम करीत होती त्याचा अर्थही बदलला. एखाद्या समाजाच्या वारशाची दखल घेणे आणि त्या वारशाचा कारभार त्याच समाजाच्या हाती देणे या दोन भिन्न कृती आहेत. सेंट पॉलच्या या शेजाऱ्यांचे ऐतिहासिक महत्त्व पहिल्या कृतीपाशी न थांबता ते दुसरीकडे वळले यात आहे, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे.

कडा, गुहा आणि नावे

‘डकोटा’ या शब्दाचा अर्थ मित्र किंवा सहयोगी असा होतो. ‘सू’ हे नाव त्यांना इतरांनी दिलेले. शेजारच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतील शब्द फ्रेंच व्यापाऱ्यांच्या तोंडी मोडून ते तयार झाले आणि पुढे करारांत व सरकारी दप्तरात तेच रूढ झाले. ‘ओचेती शाकोविन’, म्हणजे सात सभा-अग्नी, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघातील पूर्वेकडील चार शाखा म्हणजे म्डेवाकांटन, वाहपेकुटे, वाहपेटन व सिसेटन. मिनेसोटा आणि मिसिसिपी या नद्यांचा संगम, ‘ब्डोटे’, हे अनेक डकोटांच्या परंपरेनुसार त्यांचे उत्पत्तिस्थान होय. वाकान टिपी तेथून नदीच्या वाटेने काही मैलांवर आहे. राज्याचे ‘मिनेसोटा’ हे नावही डकोटा भाषेतून आलेले आहे.

वसाहतकालीन लिखित नोंदीत ही गुहा येते ती जोनाथन कार्व्हर या प्रवाशामुळे. १७६६ मध्ये तो येथे आला आणि १७७८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गुहेतील पाण्याचे, भिंतींवर कोरलेल्या आकृत्यांचे आणि डकोटा लोक तिला देत असलेल्या नावाचे वर्णन आले. १७६७ च्या वसंतात डकोटा लोक आपल्या मृतांच्या दफनासाठी व मोठ्या सभेसाठी येथे जमले होते, हेही त्याने नोंदविले आहे. याचा अर्थ असा की, ही जागा एकाच वेळी देवस्थान, स्मशान आणि सभास्थान होती, हे पहिल्याच युरोपीय वर्णनात स्पष्ट होते. तरी नकाशांवर नाव उमटले ते ‘कार्व्हर्स केव्ह’ असे. जो दोनदा येऊन गेला त्याचे नाव गुहेला मिळाले.

येथे एका विलक्षण प्रकरणाचा उल्लेख आवश्यक आहे. कार्व्हरच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी असा दावा केला की, १ मे १७६७ रोजी याच गुहेत डकोटा प्रमुखांनी त्याला एका दस्ताने प्रचंड भूप्रदेश बहाल केला होता. खुद्द कार्व्हरच्या ग्रंथात या दस्ताचा उल्लेखही नाही. दावा अनेक वर्षे चालला, त्यावर जमिनीचे सौदेही झाले आणि अखेर १८२० च्या दशकात अमेरिकी काँग्रेसने तो फेटाळला. डकोटांच्या सभास्थानावरून डकोटांच्याच जमिनीचा खोटा दस्त उभा राहावा, हा या स्थळाच्या इतिहासातील मोठा उपरोध म्हणावा लागेल.

खरे दस्तही फारसे निराळे नव्हते. सप्टेंबर १८०५ मध्ये झेब्युलन पाईक या लष्करी अधिकाऱ्याने ब्डोटे येथे जमलेल्या सात प्रमुखांपैकी अवघ्या दोघांच्या खुणा घेऊन सुमारे एक लाख एकर जमीन लष्करी ठाण्यांसाठी मिळविली. खुद्द पाईकने तिची किंमत दोन लाख डॉलर अंदाजली होती. सिनेटने १८०८ मध्ये दोन हजार डॉलर मंजूर केले. त्या दोघांपैकी एक जण वाकान टिपीच्या जवळच असलेल्या कापोझा या गावाचा प्रमुख होता. १८३७ च्या कराराने मिसिसिपीच्या पूर्वेकडील भूमी गेली आणि कापोझा नदीच्या पलीकडच्या तीरावर हलविले गेले. १८५१ मध्ये ट्रॅव्हर्स द सू आणि मेन्डोटा येथील दोन करारांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली. डकोटांना मिनेसोटा नदीच्या दोन्ही बाजूंस मिळून वीस मैल रुंदीचा पट्टा उरला आणि १८५८ मध्ये त्याचाही उत्तरेकडील अर्धा भाग सुटला.

पूर्वेकडील रिकाम्या झालेल्या भूमीवर शहर उभे राहिले. डकोटा या ठिकाणाला पांढऱ्या कड्यांवरून ‘इम्निझास्का’ म्हणत. गोऱ्या वसाहतीचे पहिले नाव एका दारूविक्रेत्याच्या टोपणनावावरून ‘पिग्ज आय’, म्हणजे ‘डुकराचा डोळा’, असे पडले होते. १८४१ मध्ये एका कॅथलिक धर्मोपदेशकाने बांधलेल्या लाकडी प्रार्थनामंदिरावरून ‘सेंट पॉल’ हे नाव आले. शहराच्या गौरवग्रंथांत मधल्या नावाची आठवण गमतीने काढली जाते; पहिल्याची मात्र दीर्घकाळ क्वचितच काढली गेली.

१८६२

ऑगस्ट १८६२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिका-डकोटा युद्धाची कारणे येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. कराराचे हप्ते रखडलेले, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केलेली आणि राखीव पट्ट्यात उपासमार, अशा स्थितीत काही डकोटांनी शस्त्र उचलले. कापोझाच्या प्रमुखकुळातील ताओयातेदुता, ज्याला इंग्रजी कागदपत्रांत ‘लिटल क्रो’ म्हटले जाते, त्याने त्यांचे नेतृत्व केले. युद्ध सहा आठवड्यांत संपले. त्यानंतर लष्करी आयोगाने ३९२ जणांवर अत्यंत घाईने खटले चालवून ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी यादी कमी केली तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी होय.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ते यानंतरचे. युद्धात भाग न घेतलेल्या सुमारे सोळाशे डकोटांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते, १८६२-६३ च्या हिवाळ्यात ब्डोटे येथील फोर्ट स्नेलिंगच्या तटाखाली बंदिस्त छावणीत ठेवले गेले. साथीच्या रोगांनी त्यांपैकी शेकडो दगावले. १८६३ मध्ये काँग्रेसने डकोटांशी झालेले करार रद्द केले, त्यांना राज्याबाहेर घालविण्याचा कायदा केला आणि राज्यशासनाने डकोटा पुरुषांच्या शिरावर इनाम लावले. वाचलेल्यांना बोटींत भरून मिसिसिपीमार्गे नेण्यात आले. मिसुरी नदीवरील क्रो क्रीक येथे त्यांना उतरविण्यात आले, तेथेही भूक व रोग होतेच.

ज्या राज्याचे नावच डकोटा भाषेतील आहे, त्या राज्यात डकोटांचे वास्तव्य अशा रीतीने कायद्याने संपविण्यात आले. काही कुटुंबे मात्र राहिली, काही परत आली. आज मिनेसोटात संघराज्यमान्य असे चार डकोटा समुदाय आहेत. पण सेंट पॉलसारख्या शहरात ‘येथे कधीकाळी इंडियन राहात’ अशी भूतकाळी क्रियापदे पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांतून येत राहिली. पुढे रहिवाशांच्या गटाला ज्या अडचणीशी सामना करावा लागला ती मूलतः या क्रियापदाची अडचण होती.

रेल्वे, उद्यान आणि विस्मरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेमार्ग रुंद करण्यासाठी कडा तासण्यात आला. त्यात गुहेचा पुढचा भाग व बहुतेक कोरीव आकृत्या नष्ट झाल्या. १८७८ मध्ये टी. एच. लुईस या सर्वेक्षकाने उरलेल्या आकृत्यांची रेखाटने करून ठेवली. त्यांत खुळखुळ्या सापाच्या आकृत्या होत्या. पुढे गुहेला पोलादी दार बसले.

वरच्या टेकाडांचे दैव थोडे निराळे. एकोणिसाव्या शतकात हौशी उत्खननकारांनी ती खणून अस्थी व वस्तू बाहेर काढल्या. १८९० च्या दशकात तेथे सार्वजनिक उद्यान झाले आणि ‘इंडियन माउंड्स पार्क’ असे नाव पडले. मूळ अनेक टेकाडांपैकी तेथे आज ६ शिल्लक आहेत. उद्यानात लोक सहलीला येत, टेकाडांवर चढत, वरून नदीचे दृश्य पाहात. स्मशानाला उद्यान म्हणणे आणि नावात ‘इंडियन’ ठेवणे, यात कोणाला विसंगती वाटली नाही. डकोटांना ती वाटत होती. पण १८८३ च्या नियमांनी मूलनिवासींच्या धार्मिक विधींनाच अपराध ठरविले होते. धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९७८ मध्ये आणि दफनावशेषांच्या परताव्याचा कायदा १९९० मध्ये झाला. ही दोन वर्षे ध्यानात घेतल्याखेरीज १९९७ नंतरच्या घडामोडींचा नीट उलगडा होत नाही.

शेजारी

सेंट पॉल महानगरपालिकेने १९७५ पासून नागरिकांच्या सहभागासाठी शहराचे १७ विभाग पाडून प्रत्येकात रहिवाशांचे परिसरमंडळ स्थापन केले. रस्ते, घरबांधणी, उद्याने यांविषयी ही मंडळे महानगरपालिकेस सल्ला देतात. कड्यावरील वस्ती ‘डेटन्स ब्लफ’ (हे नावही एका जमीन-व्यापाऱ्याचेच) अशाच एका विभागात मोडते. हा श्रमिकांचा भाग. फॅलन ओढ्याच्या घळीतील ‘स्वीड हॉलो’ या वस्तीत आधी स्वीडिश, मग इटालियन, नंतर मेक्सिकन स्थलांतरित राहिले. १९५६ च्या डिसेंबरात महानगरपालिकेने आरोग्याच्या कारणास्तव ती वस्ती जाळून टाकली. १९७० च्या दशकापासून लाओसमधील ह्मोंग निर्वासित या परिसरात आले. कारखाने एकेक करून बंद पडले, शेवटची मोठी बिअरची भट्टी १९९७ मध्ये बंद झाली. १९७० च्या दशकात सोडून दिलेले रेल्वेचे आवार, विषारी माती, बांधकामाचा राडारोडा आणि रात्री टाकला जाणारा कचरा असे कड्याखालचे चित्र होते.

अशा परिसरातील रहिवाशांची पहिली प्रेरणा डकोटांविषयी नव्हती, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. त्यांना आपल्या मुलांसाठी हिरवी जागा हवी होती, नदीपर्यंत पोहोचणारी पायवाट हवी होती आणि जमिनीखालच्या नळात कोंडलेला ओढा पुन्हा उघड्यावर वाहावा असे वाटत होते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या गटाने हाच कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये भूसंवर्धन संस्थेच्या साहाय्याने महानगरपालिकेने रेल्वेची २७ एकर जागा विकत घेतली. माती स्वच्छ करणे, राडारोडा उचलणे, देशी गवत व झाडे लावणे ही कामे स्वयंसेवकांच्या श्रमांवर झाली. मे २००५ मध्ये अभयारण्य खुले झाले. त्यास ब्रूस व्हेन्टो यांचे नाव देण्यात आले. व्हेन्टो हे विज्ञानाचे शिक्षक, पूर्व भागातील रहिवासी, १९७७ पासून २००० मधील मृत्यूपर्यंत काँग्रेसचे सदस्य आणि पर्यावरणाचे कैवारी. गौरव यथायोग्य होता. परंतु गुहेसमोरच्या भूमीवर आणखी एका लोकप्रतिनिधीचे नाव कोरले गेले, हेही खरे.

‘निसर्ग’ या शब्दाची मर्यादा

अभयारण्याची आखणी चालू असताना डकोटा ज्येष्ठांशी बोलणी झाली आणि तेथेच या चळवळीचे वळण आहे. रहिवाशांच्या दृष्टीने ही जागा ‘नैसर्गिक’ होती : मनुष्याने बिघडविलेली आणि मनुष्याने सुधारावयाची. डकोटांच्या दृष्टीने ती नातलगांची होती. तेथे पूर्वजांचे दफन आहे आणि गुहा हे जिवंत देवस्थान आहे. एकाच भूमीविषयीच्या या दोन आकलनांत पायवाटेची जागा, फलकावरील मजकूर, गुहेच्या तोंडाशी माणसांनी किती जवळ जावे, अशा अगदी व्यावहारिक प्रश्नांवर फरक पडतो. उदाहरणार्थ, गुहेचे दार उघडून आत पर्यटकांना नेणे निसर्गप्रेमींना शैक्षणिक वाटू शकते. ज्यांचे ते देवस्थान आहे त्यांना तसे वाटेलच असे नाही. देवळाच्या गाभाऱ्याविषयी आपल्याकडील वाचकास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या बोलण्यांतून अभयारण्याच्या प्रवेशाशी डकोटा इतिहास सांगणारे एक केंद्र असावे ही कल्पना पुढे आली. प्रथम ती ‘माहितीकेंद्र’ या स्वरूपात होती. पुढे तिचे ‘वाकान टिपी केंद्र’ झाले आणि २०२० च्या दशकात बांधकामास प्रारंभ झाला. दरम्यान संस्थेच्या आत जे घडले ते इमारतीपेक्षा महत्त्वाचे होते. २०१० च्या दशकाच्या अखेरीस तिचे संचालन डकोटा व अन्य मूलनिवासी व्यक्तींच्या हाती आले. झाडे लावण्याच्या कार्यक्रमात डकोटांच्या औषधी व अन्नवनस्पतींना स्थान मिळाले, भाषेचा वापर वाढला आणि २०२३ मध्ये नाव बदलले. स्थापना करणाऱ्या शेजाऱ्यांनी संस्थेचे सुकाणू दुसऱ्यांच्या हाती दिले आणि स्वतः साहाय्यकाच्या जागी आले. स्वयंसेवी संस्थांच्या इतिहासात संस्थापक स्वेच्छेने मागे सरल्याची उदाहरणे फार नाहीत; आपल्या परिचयाच्या संस्था आठवल्या तरी हे पटावे.

टेकाडांविषयीही दृष्टी बदलली. २०२० च्या सुमारास महानगरपालिकेने डकोटा राष्ट्रांच्या वारसा-अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून या जागेचा सांस्कृतिक भूदृश्य म्हणून अभ्यास करविला. ही जागा मुख्यतः दफनभूमी आहे, तिचे ‘उद्यान’ हे रूप त्यानंतरचे, ही मांडणी त्यातून अधिकृत झाली. एका शतकाहून अधिक काळ डकोटा हेच सांगत होते.

शेजाऱ्यांची दुसरी बाजू

सर्वच शेजारी असे वागले नाहीत. जुळे शहर मिनिॲपोलिस येथील एका मोठ्या तळ्याला जॉन कॅल्हून यांचे नाव होते. हे गुलामगिरीचे कट्टर समर्थक आणि युद्धमंत्री या नात्याने या प्रदेशात लष्करी ठाणे पाठविणारे. तळ्याचे डकोटा नाव ‘ब्डे माका स्का’. १८२९ मध्ये तेथे ‘माहपिया विचाष्टा’ (क्लाउड मॅन) या प्रमुखाने शेतीवर आधारलेले गाव वसविले होते आणि १८३४ मध्ये त्या गावी आलेल्या पाँड बंधूंनी डकोटा भाषेची वर्णमाला सिद्ध केली. २०१७ मध्ये उद्यान मंडळाने मूळ नावाच्या बाजूने ठराव केला व २०१८ मध्ये राज्य आणि संघराज्य या दोन्ही पातळ्यांवर ते मान्य झाले. तेव्हा तळ्याकाठच्या काही रहिवाशांनी संघटित होऊन विरोध केला. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने नामांतर अवैध ठरविले. मे २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

विरोध करणाऱ्यांचा एक युक्तिवाद असा होता की, पिढ्यानपिढ्या वापरात असलेले नाव ही रहिवाशांच्या आठवणींची ठेव असते. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ म्हणता येत नाही. डेटन्स ब्लफच्या रहिवाशांनाही स्वीड हॉलोच्या आठवणी होत्या, जळालेल्या घरांच्या. फरक असा की, त्यांनी आपल्या आठवणीला सर्वांत जुनी मानण्याचा आग्रह धरला नाही. ज्यांची वस्ती स्वतः एकदा महानगरपालिकेने उठविली होती, त्यांना दुसऱ्याच्या उठवणुकीचे आकलन लवकर झाले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

मेन्डोटाजवळील ‘ओहेयावाही’ या टेकडीचे उदाहरण या दोहोंच्या मधले. १८५१ चा करार जिच्यावर झाला त्या या टेकडीवर २००० च्या दशकाच्या आरंभी घरांचा मोठा प्रकल्प येऊ घातला होता. स्थानिक रहिवासी, इतिहासप्रेमी आणि मेन्डोटा येथील डकोटा समुदाय एकत्र आले. प्रकल्प थांबला, जमीन सार्वजनिक पैशातून घेतली गेली आणि २०१७ मध्ये टेकडी राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाली. विशेष म्हणजे मेन्डोटाच्या या डकोटा समुदायाला संघराज्याची मान्यता नाही. ज्यांना सरकार ‘राष्ट्र’ म्हणून ओळखत नाही, त्यांच्या स्मशानासाठी त्यांच्या शेजाऱ्यांनी दावा मांडला.

मालकीचा प्रश्न

कार्यभार डकोटांकडे आला. भूमी आली नाही. अभयारण्याची जमीन महानगरपालिकेने खरेदी केलेली आहे, टेकाडे सार्वजनिक उद्यानात आहेत आणि रेल्वेचे रूळ आजही कड्याजवळून जातात. १७ ऑगस्ट २०१२ रोजी, युद्धाच्या दीडशेव्या वर्षी, राज्यपाल मार्क डेटन यांनी स्मरण व सलोख्याचा दिवस पाळला आणि १८६२ मधील राज्यपालांच्या संहारक भाषेचा निषेध केला. त्यानंतरच्या वर्षांत ‘आपण डकोटांच्या भूमीवर उभे आहोत’ अशी घोषणा सभारंभी वाचण्याचा प्रघात विद्यापीठांत आणि महानगरपालिकांत पडला. अशा घोषणेस काही खर्च येत नाही, हा डकोटा विचारवंतांचा आक्षेप वाजवी आहे. पूर्व भागातील रहिवाशांच्या कामाची तुलना या घोषणांशी केली असता असे दिसते की, त्यांच्याकडे भूमी नव्हतीच. त्यांच्याकडे होती ती संस्था, तिचे अनुदान, तिची महानगरपालिकेतील पत आणि पंचवीस वर्षांचे श्रम. देण्यासारखे जे होते ते त्यांनी दिले.

ओढा नळातून बाहेर काढण्याचे १९९७ मधील स्वप्न नव्या नावाच्या संस्थेनेही चालू ठेवले आहे. ‘फॅलन’ हे नाव एडवर्ड फेलन या माजी सैनिकाचे. १८३९ मध्ये शेजाऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून त्याला अटक झाली होती, पुराव्याअभावी तो सुटला. संस्थेच्या नावातून २०२३ मध्ये तो गेला. ओढ्याच्या आणि तळ्याच्या नावात तो अजून आहे.